वाऱ्याचा वाटा

पाणी, माती, बी-बियाणे आणि मजूर यांची मोजदाद आपण शेतकरी घरातली माणसे रोज करतो. वाऱ्याची मोजदाद मात्र कुणी करीत नाही. मळणीयंत्र गावोगाव पोचण्यापूर्वी उफणणीच्या दिवसांत घरातली कर्ती माणसे वाऱ्याची वाट पाहत खळ्यावर बसून राहत. वारा पडला की काम थांबे. वारा सुटला की तिवईवर उभे राहून पाट्यांमागून पाट्या रित्या होत, दाणे पायाशी पडत आणि भूस पलीकडे जाई. काम आटोपल्यावर वाऱ्याची आठवण कुणाला राहत नसे. केळीची बाग आडवी झाली, उभा ऊस लोळला, आंब्याचा मोहोर झडला, म्हणजे पुन्हा आठवण होई, आणि तीही शिव्या देण्यापुरती.

आता हाच वारा विजेच्या रूपाने विकला जातो आहे, आणि त्याचा बाजार लहानसहान राहिलेला नाही. २००० सालाच्या अखेरीस साऱ्या जगातल्या पवनचक्क्यांची क्षमता सुमारे १७ हजार मेगावॅट होती. २०२३ साली तिने १० लाख मेगावॅटचा टप्पा ओलांडला. जगात आज शंभर युनिट वीज तयार होते, त्यांतली आठएक युनिटे वाऱ्याची असतात. चीन, अमेरिका आणि जर्मनी यांच्या पाठोपाठ आपला देश चौथा आहे. २०२५ साली भारताची क्षमता ५० हजार मेगावॅटच्या पुढे गेली. आपल्या कोयना प्रकल्पाची सगळी वीजघरे मिळून १,९६० मेगावॅटची आहेत, यावरून वाचकांना अंदाज येईल. अर्थात वारा बारा महिने सारखा नसतो. म्हणून पवनचक्की वर्षभरात आपल्या पूर्ण क्षमतेच्या साधारण पाव ते एकतृतीयांश एवढीच वीज देते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

मी पंचायत समितीत कृषी विस्तार अधिकारी आहे. वीज हा माझा विषय नव्हे. माझे काम बियाणे, खते, माती परीक्षण आणि फळबागा यांचे. पण खेड्यात शेतकरी प्रश्न विचारतो तेव्हा तो कोणत्या खात्याचा आहे हे पाहून विचारीत नाही. सह्याद्रीच्या माथ्यावरच्या एका गावी माती परीक्षणाची बैठक संपल्यावर सगळे ज्यांना आबा म्हणतात असे एक वयस्क शेतकरी मागे थांबले. भावाभावांच्या सामाईक नावावर त्यांचा अकरा एकर माळ आहे. त्यात हुलगा आणि थोडी नाचणी होते, बाकी गवत. त्या माळावर पवनचक्की उभी करण्यासाठी जागा हवी म्हणून एक दलाल वर्षभर खेपा घालीत होता. आबा म्हणाले, "साहेब, मातीचं तुमी सांगितलंसा, ब्येस झालं. आता येवडं सांगा, माळावरचं वारं कुनाचं? माजं, का त्येंचं?"

खात्याच्या कोणत्याही परिपत्रकात याचे उत्तर नाही. सातबाऱ्यावर क्षेत्र असते, आकार असतो, पीक असते, पोटखराबा असतो. वाऱ्याचा रकाना त्यावर नाही. म्हणून मी या विषयावर मिळेल ते वाचायला लागलो. जे समजले ते माळावर राहणाऱ्या इतर घरांनाही उपयोगी पडेल, या विचाराने हे लिहीत आहे.

प्रथम वाऱ्यापासून वीज होते कशी, ते पाहू. पाते वाऱ्याने फिरते, पात्याबरोबर आत जनित्र फिरते आणि वीज तयार होते, एवढे सर्वांना ठाऊक असते. पण हिशोबातली खरी गोम वेगळी आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, तर त्यातली शक्ती दुप्पट होत नाही, आठपट होते. कारण दुप्पट वेगाने येणारा वारा तेवढ्याच वेळात दुप्पट हवा घेऊन येतो, आणि त्या हवेच्या प्रत्येक भागात पूर्वीच्या चौपट जोर असतो. दोन गुणिले चार म्हणजे आठ. ज्या माळावर ताशी ३० किलोमीटरचा वारा वाहतो, तिथे ताशी १५ किलोमीटरच्या वाऱ्यापेक्षा आठपट शक्ती मिळते. पात्यांचेही तसेच आहे. पात्याची लांबी दुप्पट केली, की ते जेवढ्या वाऱ्याला कवेत घेते ते क्षेत्र चौपट होते. म्हणूनच पवनचक्क्या वर्षागणिक उंच आणि मोठ्या होत गेल्या. त्यालाही मर्यादा आहे. वाऱ्यातली सगळी शक्ती काढून घेतली तर वारा पात्यामागे थांबेल आणि पुढचा वारा यायचाच नाही. बेट्झ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने शंभर वर्षांपूर्वी गणित करून दाखवले, की शंभरातले ५९ भाग काढता येतात, त्याहून जास्त नाही.

आता हा हिशोब आबांच्या माळाला लावून पाहा. मातीच्या दृष्टीने तो माळ उणा. मुरूम वर आलेला, पाऊस पडला की माती वाहून जाते. त्याची किंमत पीक पाहून ठरते, म्हणून ती कमी. पण दलाल तिथे माती विकत घ्यायला आलेला नव्हता. पावसाळ्यात समुद्रावरून येणारा वारा घाटाच्या कड्यावर आपटून वर चढतो आणि माथ्यावर येताना त्याचा वेग वाढतो. शेतीला जी जागा वाईट, तीच वाऱ्याला उत्तम. ज्या पिकासाठी माळ मागितला जात होता ते पीक वारा होते, आणि भाव मात्र हुलग्याच्या जमिनीचा सांगितला जात होता. सारी फसगत होते ती या एका जागी.

हे ज्या देशातल्या शेतकऱ्यांनी फार लवकर ओळखले, तो देश म्हणजे डेन्मार्क. वस्ती साठ लाख, म्हणजे आपल्या एखाद्या मोठ्या जिल्ह्याएवढी. सपाट मुलूख, तिन्ही बाजूंनी समुद्र, दूध आणि डुकरे हा शेतकऱ्यांचा मुख्य धंदा. वाऱ्यावर वीज करण्याचा पहिला मान मात्र त्यांचा नाही. १८८७ साली स्कॉटलंडमध्ये जेम्स ब्लिथ नावाच्या प्राध्यापकाने कापडी शिडांची पवनचक्की उभारून आपल्या सुटीतल्या घरात दिवे लावले. उरलेली वीज गावच्या रस्त्यावरच्या दिव्यांसाठी द्यायला तो तयार होता, पण गावकऱ्यांनी हे सैतानाचे काम म्हणून ती नाकारली. पुढच्याच वर्षी अमेरिकेत चार्ल्स ब्रश याने १४४ पात्यांची मोठी पवनचक्की आपल्या बंगल्यामागे उभी केली. दोघांनीही वीज केली ती आपल्या घरापुरती.

डेन्मार्कमध्ये पॉल ला कूर नावाचा एक शिक्षक होता. आस्कोव्ह या गावातल्या लोकशाळेत तो शिकवीत असे. अशा लोकशाळांत शेतकऱ्यांची तरुण मुले हिवाळ्यात येऊन राहत, शिकत आणि पुन्हा शेतावर जात. १८९१ साली त्याने शाळेजवळ प्रयोगासाठी पवनचक्की उभारली. वारा पडला की दिवे जातात, ही अडचण तेव्हाही होतीच. त्यावर त्याने विजेने पाण्याचे विघटन करून हायड्रोजन वायू साठवला आणि त्या वायूवर शाळेत दिवे लावले. आज जगभर ज्या हायड्रोजनची चर्चा चालली आहे, तो प्रयोग सव्वाशे वर्षांपूर्वी एका खेड्यातल्या शाळेत झाला होता. पण मला त्याचे दुसरे काम अधिक मोलाचे वाटते. वीज शहरात आली आणि खेडी अंधारात राहिली, तर खेड्यातली हुशार मुले शहरात निघून जातील, ही त्याला काळजी होती. म्हणून त्याने खेड्यातल्या मुलांसाठी वीज-कारागिरांचे वर्ग काढले. १९०८ साली तो वारला.

त्याच्या वर्गात योहानेस यूल नावाचा एक मुलगा शिकून गेला होता. पुढे तो वीज कंपनीत अभियंता झाला. १९५७ साली त्याने गेडसर या गावी तीन पात्यांची २०० किलोवॅटची पवनचक्की उभी केली आणि ती पुढे दहा वर्षे चालली. आज आपल्या माळावर दिसणाऱ्या तीन पात्यांच्या पवनचक्क्या त्याच घराण्यातल्या आहेत. शिक्षक गेला आणि त्याचे शिकवणे पन्नास वर्षांनी उभे राहिले. विस्तार खात्यात ज्यांनी उमर घालवली, त्यांना या गोष्टीने जरा धीर येतो. आपण सांगितलेले या हंगामात कुणी ऐकले नाही, म्हणजे ते वाया गेले असे नव्हे.

गेडसरची पवनचक्की १९६७ साली बंद झाली, कारण खनिज तेल स्वस्त होते. मग १९७३ साल उजाडले. अरब राष्ट्रांनी तेल रोखले आणि भाव एकदम चढले. डेन्मार्कची नव्वद टक्क्यांहून अधिक गरज बाहेरच्या तेलावर भागत होती. तिथे रविवारी मोटारी चालवायला बंदी करावी लागली. त्या अडचणीच्या दिवसांत वाऱ्याकडे पुन्हा वळली ती साधी माणसे होती. क्रिस्टियन रिसागर हा सुतार. त्याने लाकडी पात्यांची २२ किलोवॅटची चक्की घराजवळ उभी केली आणि तिची वीज सरळ सार्वजनिक तारांना जोडली. हेन्रिक स्टिसडाल या शेतकऱ्याच्या तरुण मुलाने एका लोहाराच्या साथीने आपला नमुना तयार केला. १९७८ साली ट्विंड येथे शिक्षक, विद्यार्थी आणि गावोगावचे स्वयंसेवक यांनी मिळून २ मेगावॅटची प्रचंड चक्की उभी केली. स्टिसडालचा नमुना ज्या व्हेस्टास कारखान्याने १९७९ साली घेतला, तो एका लोहारशाळेतून वाढलेला होता. दूध थंड करण्याची उपकरणे, शेतातल्या गाड्या आणि क्रेन तो तयार करीत असे. सिंचनाची यंत्रे करणारा दुसरा एक कारखानाही याच धंद्यात आला. वादळात काय मोडते आणि शेतकरी काय दुरुस्त करू शकतो, हे या लोकांना माहीत होते. म्हणून त्यांची यंत्रे जड असली तरी टिकली. त्याच काळात अमेरिकेत आणि जर्मनीत सरकारी पैशाने मोठाली यंत्रे काढली गेली, त्यांतली कित्येक थोड्या वर्षांतच बंद पडली.

पण यंत्रापेक्षाही महत्त्वाची होती ती मालकीची रीत. डेन्मार्कमध्ये सहकाराची परंपरा जुनी. तिथली पहिली सहकारी दूधडेअरी १८८२ सालची. आपल्याकडे प्रवरेचा सहकारी साखर कारखाना १९५० साली निघाला आणि उसाच्या शेतकऱ्याला कारखान्याचा मालक होता आले. तीच रीत डेन्मार्कच्या शेतकऱ्यांनी वाऱ्याला लावली. गावातल्या घरांनी भाग घ्यायचे, त्या पैशातून एक पवनचक्की घ्यायची, आणि वीज विकून येणारे उत्पन्न भागाप्रमाणे वाटायचे. भाग कुणी घ्यावेत यालाही सुरुवातीच्या काळात नियम होता. चक्कीच्या जवळपास राहणाऱ्यांनीच घ्यायचे, आणि तेही घरच्या विजेच्या वापराच्या प्रमाणात. सरकारने १९७९ साली किमतीच्या ३० टक्के अनुदान दिले, पण सरकारी केंद्राने तपासून पसंत केलेल्या यंत्रालाच. धंदा पायावर उभा राहिला तसे ते कमी करीत १९८९ साली बंद केले. २००० सालच्या सुमारास त्या छोट्या देशात एक लाखाच्या आसपास कुटुंबांचे पवनचक्क्यांत भाग होते. आपल्या खिडकीतून दिसणारी चक्की फिरली की चार पैसे आपल्याही घरी येतात, हे माहीत असल्यावर तिच्या आवाजाची तक्रार माणूस जरा कमी करतो.

साम्सो नावाचे डेन्मार्कचे एक बेट आहे, वस्ती जेमतेम चार हजारांची. बटाटे आणि भाजीपाला पिकवणारे हे लोक. १९९७ साली त्यांनी ठरवले, की आपल्याला लागणारी ऊर्जा आपणच तयार करायची. दहाएक वर्षांत त्यांनी जमिनीवर अकरा आणि समुद्रात दहा पवनचक्क्या उभ्या केल्या. जमिनीवरच्या बहुतेक एकेकट्या शेतकऱ्यांच्या, काही सहकारी, समुद्रातल्या निम्म्या नगरपालिकेच्या. आज डेन्मार्कची निम्म्याहून अधिक वीज वाऱ्यापासून होते. वारा पडला तर समुद्राखालच्या तारांतून नॉर्वेची जलविद्युत घेतात, वारा जोरात असला तर आपली वीज त्यांना देतात आणि त्यांचे धरणातले पाणी शिल्लक राहते. आपल्याकडेही कोयनेच्या जलाशयावरच्या वनकुसवडे पठारावर पवनचक्क्या फिरताना आणि खाली धरण भरलेले पाहतो, तेव्हा ही जोडी मला आठवते.

डेन्मार्कचा धंदा जगात पसरला कसा, तेही थोडक्यात सांगतो. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात करसवलतींमुळे डोंगरच्या डोंगर पवनचक्क्यांनी भरले. त्यांतली बरीच यंत्रे डेन्मार्कची. १९८५ अखेर सवलत संपली आणि बाजार कोसळला. व्हेस्टासचेही दिवाळे वाजले आणि ती पुन्हा नव्याने उभी करावी लागली. केवळ करसवलतीवर उभा केलेला धंदा सवलतीबरोबरच जातो, हा त्यातला धडा. आपल्या देशात १९८६ साली रत्नागिरी, गुजरातेत ओखा आणि तमिळनाडूत तुतिकोरिन अशा किनारी ठिकाणी ५५ किलोवॅटच्या चक्क्यांनी सुरुवात झाली. १९९०च्या दशकात पहिल्याच वर्षी यंत्राची पूर्ण किंमत घसारा म्हणून दाखवण्याची सवलत मिळाली, तेव्हा शहरातले कारखानदार आणि धनिक यांनी या यंत्रांत पैसा घातला. पुढे सातारा जिल्ह्यात वनकुसवडे आणि चाळकेवाडी, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातले ब्राह्मणवेल, सांगली जिल्ह्यात ढालगाव अशी ठिकाणे पवनचक्क्यांची म्हणून ओळखली जाऊ लागली. आज महाराष्ट्राची क्षमता पाच हजार मेगावॅटहून अधिक आहे.

फरक दिसला का? तिकडे यंत्राचा मालक शेजारचा शेतकरी होता. इकडे तो शेकडो किलोमीटर दूर होता, आणि गावाच्या वाट्याला आले ते जमिनीचे एकदाच मिळालेले पैसे आणि रात्रीच्या पहारेकऱ्याची नोकरी. यंत्र जसजसे मोठे झाले तसतसे ते गावाच्या ऐपतीबाहेर गेले, हेही खरे. ५५ किलोवॅटची चक्की गाव घेऊ शकेल. आजचे जमिनीवरचे एकेक यंत्र २ ते ३ मेगावॅटचे किंवा त्याहूनही मोठे असते आणि त्याची किंमत कोटींत असते. खुद्द डेन्मार्कमध्येही आता नव्या यंत्रांत मोठ्या कंपन्यांचा भाग वाढला आहे. पण मालकी जमली नाही, तरी वाटा सोडावा लागतो असे नाही. अमेरिकेतले आयोवा राज्य मक्याचे. तिथे अलीकडे निम्म्याहून अधिक वीज वाऱ्याची असते. शेतकरी जमीन विकत नाही, पट्ट्याने देतो. चक्की आणि तिचा रस्ता यांना एकरभराच्या आतच जागा जाते. मका अगदी बुंध्यापर्यंत पेरला जातो आणि भाडे दरवर्षी घरी येते. मक्याचा भाव पडलेल्या साली त्या भाड्यावर घर चालते.

पवनचक्कीबद्दल जे आक्षेप ऐकू येतात, त्यांचाही खरेखोटेपणा पाहिला पाहिजे. २००३च्या दुष्काळाच्या सुमारास कित्येक गावांत मला लोक सांगत, की या चक्क्या ढग पळवून लावतात. तहानलेल्या माणसाने असा संशय घ्यावा, हे समजण्यासारखे आहे. पण पात्याचे टोक फार तर शे-दोनशे मीटर उंच, आणि पाऊस देणारा ढग कित्येक किलोमीटर जाडीचा. समुद्रावरून शेकडो किलोमीटर रुंदीने येणारा मोसमी प्रवाह तेवढ्या पात्यांनी वळत नाही. ही भीती मनातून काढून टाकावी. खऱ्या तक्रारी वेगळ्या आहेत. कॅलिफोर्नियात आल्टामाँट खिंडीत पात्यांना आदळून अनेक सोनेरी गरुड मेले. जागा चुकीची निवडली की असे होते. जवळच्या घरांना आवाजाचा आणि फिरत्या सावलीचा त्रास होतो. माळावर यंत्र नेण्यासाठी रुंद रस्ते काढताना बांध फुटतात, ओघळ अडतात आणि खालच्या शेतात नको तिथून पाणी घुसते. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे. एका गावी रस्ता ज्यांच्या शेतातून गेला त्यांना पैसे मिळाले, पण ज्यांच्या शेतात पाणी वळले त्यांचे नाव कुठल्याच कागदावर नव्हते. शिवाय आपल्याकडचा वारा मुख्यतः पावसाळ्यातला. रब्बीला, ज्या वेळी आपला पंप चालायला हवा त्या वेळी तो कमी. म्हणून वाऱ्यावरच सगळी भिस्त ठेवता येत नाही. धरणाची वीज, सूर्याची वीज यांच्या जोडीनेच त्याचा हिशोब बसतो.

आता आबांच्या घरी काय झाले ते सांगतो. धाकटा भाऊ मुंबईला माथाडी कामगार. त्याच्या मुलीचे लग्न ठरले होते आणि त्याला रोख पैसा हवा होता. दलालाने सगळा माळ एकरकमी मागितला होता, आणि महिनाभरात कुलमुखत्यारपत्रावर सह्या करा नाहीतर शेजारच्या गावात जातो, असे बजावले होते. दोघा भावांत बोलाचाली झाली. मी त्यांच्या ओट्यावर बसून भाड्याचा आणि विक्रीचा हिशोब कागदावर मांडला. आबा गप्प होते. काकी चहा घेऊन आल्या आणि तिथेच उंबऱ्यावर बसल्या. म्हणाल्या, "रोख पैका घरात ऱ्हात न्हाई, साहेब. म्हस इकली तवा बगितलंय. पैसं दिवाळीपतोर बी पुरलं न्हाईत, आन् दूध बी ग्येलं." मग दिराकडे वळून म्हणाल्या, "भावजी, पोरगी आमची बी हाय. लगीन आडनार न्हाई. पर माळ ऱ्हाऊ द्या."

लग्न सोसायटीचे कर्ज आणि भावकीची मदत यांवर पार पडले. माळ विकला नाही. पुढचे काम अधिक अवघड होते. आबांनी माळाला माळ लागलेल्या सहा घरांना एकत्र बसवले. त्यांतल्या एकाने आधीच विसार घेतला होता, तो बाजूला राहिला. बाकीच्यांनी सांगितले, की आम्ही पट्ट्याने देऊ, एकत्र देऊ आणि दलालाशी बोलणार नाही. चार-पाच महिने कुणी फिरकले नाही. त्या दिवसांत आबांना गावात टोमणे ऐकावे लागले, की घरी आलेली लक्ष्मी परत लावली. मग कंपनीची माणसे स्वतः आली. पहिल्या मसुद्यात रस्त्याचा आणि ओघळांचा उल्लेख नव्हता, तालुक्याच्या वकिलाने तो घालून घेतला. भाड्याचा आकडा अजून ठरायचा आहे. तो ठरेल किंवा मोडेलही. पण माळ अजून त्या घरांच्या नावावर आहे आणि बोलणी समोरासमोर चालली आहेत.

अशी वेळ ज्यांच्या दारी येईल, त्यांनी पुढील गोष्टी पाहाव्यात. पहिली, विकण्यापूर्वी पट्ट्याचा विचार करावा. पट्टा वीस-तीस वर्षांचा असतो, म्हणून भाडे किती वर्षांनी किती वाढेल हे त्यात लिहून घ्यावे. पट्टा दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलाच असावा. दुसरी, मध्यस्थाला कुलमुखत्यारपत्र कधीही देऊ नये. तिसरी, जागा बुंध्यापुरती मोजू नये. रस्ता, तारांचे खांब, क्रेन उभी करण्याची जागा, पाण्याच्या वाटा आणि दुरुस्तीच्या वेळी होणारे पिकाचे नुकसान हे सगळे वेगवेगळे लिहून घ्यावे. चौथी, यंत्राचे आयुष्य वीस-पंचवीस वर्षे असते. त्यानंतर ते कुणी उतरवायचे, काँक्रीटचा पाया कुणी काढायचा, आणि त्याच जागी मोठे यंत्र बसवले तर वाढीव भाडे किती, हे आजच ठरवावे. पात्यांचे फायबर सहजी कुजत नाही आणि वितळतही नाही, ते आपल्या बांधावर पडून राहू नये. पाचवी, वारसांपैकी सर्वांना विचारावे. २००५ च्या दुरुस्तीपासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलींचाही मुलांइतकाच हक्क आहे. घरातल्या बाईला न विचारता केलेली सही पुढे भांडण उभे करते. आणि सहावी, एकट्याने बोलणी करू नयेत. लगतच्या घरांनी मिळून करावीत आणि विषय ग्रामसभेत ठेवावा.

वाऱ्याची वीज वाढणार आहे. कोळसा जाळून हवा बिघडते, पाऊस लहरी होतो आणि त्याचा पहिला मार शेतकऱ्यालाच बसतो, हे आपण दर साली भोगतो आहोत. त्यामुळे पवनचक्क्यांना विरोध करावा असे मी कधीही सांगणार नाही. उलट, योग्य जागी त्या जरूर याव्यात. एवढेच, की ज्या माळावर वाडवडिलांनी गुरे राखली आणि हुलगा पेरला, त्या माळावरचा वारा विकला जाईल तेव्हा त्यातला काही वाटा त्याच गावाच्या चुलीपर्यंत पोचला पाहिजे. आबांच्या प्रश्नाला मी शेवटी दिलेले उत्तर हेच होते: वारा कुणाचाच नाही, पण तो पकडायला जे पाय रोवावे लागतात ते तुमच्या जमिनीत आहेत, आणि त्या जमिनीचा कागद तुमच्या हातात आहे. तो देण्याआधी घरात वाचून दाखवा.